दगडाबाईने वेस सोडली नाही

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. ठरलेली वेळ सकाळी अकरा, प्रत्यक्ष सुरुवात उशिरा. जागा मनीषनगर, आमच्या घरचं जेवणाचं टेबल.

हजर: मैत्रेयी, माझी मुलगी आणि आपल्या खेळाची सूत्रधार. पौर्णिमा, तुमची जुनी विद्यार्थिनी, आता कळमेश्वरच्या शाळेत खेळाची शिक्षिका. डॉक्टर कुलदीप, खालच्या मजल्यावर राहणारे, दातांचे. मी. स्वयंपाकघरात प्रमोद, तुमचा धाकटा भाऊ आणि माझा नवरा, जो खेळत नाही.

गैरहजर: निर्मलाताई, म्हणजे तुम्ही.

गैरहजर माणसापुढे कारण लिहायची माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांपुढे ‘पेशंट’, पौर्णिमापुढे ‘निवडणुकीची ड्यूटी’, एकदा तुमच्यापुढे ‘रामटेकची बस चुकली’. या रविवारी ती जागा कोरी सोडली आणि मी कामाला लागले.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. शाळेच्या अंकासाठी तुमच्याबद्दल लिहून द्या असा निरोप आला आहे. तुमच्या मुलींच्या कबड्डी संघांनी जिंकलेल्या ढाली आणि तुमच्या निवृत्तीचा समारंभ यावर लिहायला बाकीची मंडळी आहेत. मला तुम्हाला एक निकाल कळवायचा आहे. तो आधीच सांगते, कारण तुम्ही असतात तर दारात चपला काढतानाच विचारलं असतंत. वेस राहिली. दगडाबाई उभी आहे.

आता क्रमाने.

अंक वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ आहे. प्रत्येकाने कागदावर आपलं एक पात्र घडवायचं. त्याला ताकद, चपळाई, चिवटपणा, मनोबल असे गुण मोजकेच मिळतात, ते कुठे घालायचे हे आपण ठरवायचं. सूत्रधार राज्य, जंगल, राक्षस सगळं उभं करतो. तुम्ही काय करणार ते सांगता, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. फाशावर पडलं त्यात आपला गुण मिळवायचा. बेरीज पुरली तर जमलं. माझं पात्र धनुर्धारी, डॉक्टरांचा जादूगार, पौर्णिमाची चोरटी. आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणारी, ती तुमची.

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आला होतात. टीव्ही बंद, वाचन बंद. आतल्या खोलीतून तुम्ही आमचा गलका ऐकत होतात. तिसऱ्या रविवारी काळा चष्मा लावून बाहेर आलात.

“काय करून राहिल्या वं तुम्ही? कोणाले मारून राहिल्या?”

“राक्षसाला,” मी म्हटलं.

“मंग मारा नं लवकर! सकाळपासून नुसती बडबड ऐकून राहिली मी.”

प्रमोद आतून ओरडला, “ताई, तू बी त्याइच्यात जाऊ नको. इथं पन्नाशीच्या बाया राक्षस मारून राहिल्या, शेजारी हासतेत.”

“तू भाजी पाय गा आपली,” म्हणालात, आणि खुर्ची ओढलीत.

तुमचं पहिलं पात्र अजून आमच्या घरात थट्टेचा विषय आहे. सगळे गुण ताकदीत, हातात दोन हातांनी उचलायची कुऱ्हाड, अंगावर चिलखत नाही. आणि पहिल्याच मोठ्या लढाईत तुम्ही टेबलाच्या प्रशिक्षक झालात. समोर अजगराएवढा पंखवाला प्राणी. तुम्ही आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलंत, हातात हात घालून साखळी धरायला लावलीत आणि म्हणालात, “आला की कोपऱ्यातून आत ओढायचा अन् सगळ्याइनं मिळून बसायचं त्याच्यावर.” आम्ही धरली साखळी. डॉक्टरांनीसुद्धा धरली, शिकलेला माणूस. त्या प्राण्याने तोंड उघडलं आणि एका आगीत अख्खी साखळी जळाली. एका ओळीत होतो ना! सूत्रधाराला प्रत्येकासाठी वेगळा फासासुद्धा टाकावा लागला नाही.

मैत्रेयी हसत हसत खुर्चीवरून घसरली होती. “आत्या, कबड्डीत समोरचा आग ओकत नाही!”

तुम्ही चष्मा काढून पुसलात. “हाव. हे मले आधी सांगाचं होतं.”

दुसरं कोणी असतं तर खेळ सोडला असता. तुम्ही पुढच्या रविवारी कोरा कागद मागितलात आणि दगडाबाई घडवली.

नाव ऐकून डॉक्टर म्हणाले, आमच्या पात्रांची नावं कशी तलवारीसारखी आणि तुमचं हे काय? तेव्हा तुम्ही फार सहज सांगितलंत. तुमच्या आधीची दोन भावंडं राहिली नव्हती. तिसरी झालात तेव्हा आईने हळूच दगडी नाव ठेवलं, दगडाला कोण नेतो म्हणून. दादांनी, म्हणजे वडिलांनी, धम्माची दीक्षा घेतलेली, असल्या समजुती त्यांना मुळीच पटत नव्हत्या. शाळेत त्यांनी निर्मला लिहिलं. पण आई शेवटपर्यंत दगडीच म्हणायची. “दादा बरोबर होते,” तुम्ही म्हणालात, “नावानं कोणी जगत नाही. पण आईची मेहनत वाया कायले घालवाची? या बाईले देऊन टाकू.”

मग घडवायला बसलात, आणि तिथे आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी कारखान्यात स्टोअर सांभाळते. कपाटात जे आहे ते वापरात असलं पाहिजे, पडून राहिलेला माल मला बघवत नाही. तुम्ही चिवटपणात भरपूर गुण घातलेत, ते मला पटलं. पुढे उभं राहणाऱ्याच्या अंगात जीव हवा. मोठी कुऱ्हाड सोडून आखूड गदा आणि मोठी ढाल घेतलीत, तेही एक वेळ चाललं. जवळून निघून जाऊ पाहणाऱ्या शत्रूला जागीच अडकवायचं कसब घेतलंत. त्याला पुस्तकात भारदस्त नाव आहे, तुम्ही त्याला ‘घोटा’ म्हणायला लागलात, कारण डाव्या कोपऱ्यात उभं राहून तुम्ही जन्मभर चढाईवाल्यांचे घोटेच धरले. जखमी झाल्यावर एकदाच छाती भरून पुन्हा उभं राहायची सोय घेतलीत, तिचं नाव ‘दुसरा दम’. इथपर्यंत ठीक. पण उरलेले सगळे गुण तुम्ही मनोबलात घातलेत आणि मी पेन खाली ठेवलं.

“ताई, योद्धा आहे ही. मनोबल घेऊन काय करणार? ध्यान?”

“तुह्या त्या डॉक्टरसारखा एखादा जादूगार समोरून आला अन् माह्या डोक्यात शिरला तं? मंग ही गदा कोणाच्या टाळक्यात बसन? तुह्याच.”

“असं क्वचित होतं. हे गुण पडून राहतील. तेच ताकदीत घाला, फासा चांगला पडला की एका घावात समोरचा संपेल. वीस पडले तर विचार करा!”

“अन् चार पडले तं काय करशील वं?”

हे तुमचं वाक्य. मी विसाचा हिशेब मांडायचा, तुम्ही चाराचा विचारायचा. मी म्हणायचे, मनोबल म्हणजे पडून राहिलेला माल. एकदा तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, “तुह्या स्टोअरमधी तो आग विझवाचा लाल सिलिंडर हाये नं? तो बी पडूनच राहते. उद्या काढून टाकजो.”

डॉक्टर टाळ्या वाजवत होते. मला उत्तर नंतर सुचलं: सिलिंडर एक पुरतो ताई, तुम्ही प्रत्येक खिळ्याला एक टांगून ठेवला आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता सांगून टाकलं. मला अजूनही वाटतं की दोन गुण तरी कुऱ्हाडीच्या बाजूला जायला हवे होते.

पण माझं बोलणं एक आणि टेबलावर घडायचं ते एक. दगडाबाई खेळायला लागली आणि आमचा खेळच बदलला. आधी आम्ही प्रत्येक लढाईत चौघं चार दिशांना पळायचो. आता पुढे एक ढाल उभी असायची आणि तिच्या मागे प्रत्येकाला आपलं काम करायला वेळ मिळायचा. मी निवांत नेम धरायचे. डॉक्टर लांबलचक मंत्र पुरा करायचे, जो त्याआधी कधीच पुरा झाला नव्हता. तुमच्या हातून फारसं कोणी मेलं नाही. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. “चढाईवालीचं नाव पेपरात येते, कोपऱ्यातलीचं येत नाही. पण कोपरा सुटला की संघ सुटला.” हे तुम्ही पौर्णिमाकडे बघून म्हणायचात, कारण ती तुमची चढाईवाली होती आणि तिची नावं पेपरात आली होती.

दवाखान्यात तुम्ही होतात तेव्हा आम्ही शेवटच्या लढाईच्या अलीकडे थांबलो होतो. डोंगरातलं एक गाव, त्याची एक वेस, बाहेर राक्षसांची फौज आणि तिची राणी. मी भेटायला आले की तुमचा पहिला प्रश्न, “वेशीत कोण उभं हाये?” मी म्हणायचे, तुम्हीच. खेळ थांबवलाय. “थांबवू नका गा असं. फौज थांबते काय?” नर्सबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, औषधाने बोलताहेत.

आता या रविवारचं.

टेबलावर तिघांचे कागद मांडले. तुमचा चौथा मी मांडला नाही, फाईलमध्येच ठेवला. माझं म्हणणं सरळ होतं. या खेळात पात्र मेलं की गेलं, परत येत नाही, हा आपला नियम. दगडाबाई आत्ता धडधाकट आहे. तिला गावातच ठेवू, म्हातारी झाली, पोरींना शिकवते असं म्हणू. तुमचं एवढं एक तरी आमच्याकडे शाबूत राहील. डॉक्टर लगेच म्हणाले, “भाभी बरोबर सांगून राहिल्या.”

पौर्णिमा मात्र उभी राहिली. शाळेत बाईंपुढे उभं राहावं तशी.

“काकू, मी एकदा घोटा मुरगळल्याचं नाटक केलं होतं. अंतिम सामना होता, भेव वाटत होतं. मॅडमनं मले बाकावर बसवलं नाही. म्हणे, हरशील तं मैदानात हरजो, बाकावर कोणी जिंकत नाही. तुमी मॅडमलेच बाकावर बसवून राहिल्या?”

मी फाईल उघडली.

मग दुसरी अडचण. फासे कोण टाकणार? तुमचे फासे तुमच्याच हिंगाच्या डबीत आहेत, आणि दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही हा कायदा तुम्हीच केलेला. “दुसऱ्याची शिट्टी कोणी वाजवते काय?” असं म्हणून तुम्ही डॉक्टरांच्या हातावर चापट मारली होती. डबी टेबलाच्या मधोमध. पौर्णिमा हात मागे घेऊन बसलेली. मी मैत्रेयीकडे पाहिलं, मैत्रेयीने माझ्याकडे. तेवढ्यात पोह्यांवर घ्यायच्या झणझणीत तर्रीचं पातेलं घेऊन प्रमोद बाहेर आला.

“पोहे थंडे होऊन राहिले. कोणी मेलं काय अजून?”

त्याने असं म्हटलं आणि त्याचं त्यालाच कळलं. पातेलं तसंच धरून उभा राहिला. तुम्ही गेल्यापासून तो घरात जेवढ्यास तेवढं बोलत होता, आणि हे पहिलं वाक्य निघालं तेही असं.

मैत्रेयी म्हणाली, “बाबा, तुम्ही खेळाडू नाही ना? मग तुम्हाला नियम लागू नाही. आत्याचे फासे तुम्ही टाका.”

“मले काय समजते याइच्यातलं?”

“समजायचं काही नाही. टाकायचा नुसता.”

तो तुमच्या खुर्चीत बसला. डबी उघडली, आधी वास घेतला. “पक्की ताई,” म्हणाला. फाशांना इतकी वर्षं हिंगाचा वास आहे, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

लढाई कशी झाली ते तुम्हाला आवडेल तसं सांगते, थोडक्यात. वेशीत तुम्ही. आम्ही मागे. पहिल्या फेरीत दोन राक्षस ढालीवर आदळले, ढालीने घेतलं. एक चपळ त्यांच्या बगलेतून गावाकडे निसटायला लागला आणि पौर्णिमा, मी, डॉक्टर, तिघं एका आवाजात ओरडलो, “घोटा!” प्रमोदने घाबरून फासा टाकला. धरला घोटा. तिथेच आडवा झाला तो. नंतर फासे रुसले. प्रमोदचा हात तुमच्यापेक्षाही वाईट, ताई. दोन पडले, पाच पडले, परत दोन. दगडाबाईचा जीव उतरत गेला, ती गुडघ्यावर आली, आणि तुमचा भाऊ कागदावर वाकून विचारतो, “हे दुसरा दम काय हाये?”

“घे!” आम्ही म्हटलं.

त्याने खरोखरच छाती भरून श्वास घेतला. दगडाबाई उठली.

मग राणी पुढे आली. मैत्रेयीने आपल्यापुढच्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागून एक चिठ्ठी काढली आणि तिचा आवाज जरा बदलला. राणी शस्त्र उचलत नाही, म्हणाली. ती दगडाबाईच्या डोळ्यांत बघते, आणि सांगते, वळ. तुझ्या मागे उभे आहेत ते तुझे शत्रू. वळ आणि मार.

मनोबलाची परीक्षा. बेरीज बारा हवी. नाही झाली तर तुमची गदा आमच्यावर, वेस उघडी, गाव गेलं, आणि दगडाबाईला आम्हालाच मारावं लागणार होतं. मी धनुर्धारी, म्हणजे पहिला बाण माझाच.

प्रमोदने फासा मुठीत धरला, फुंकर मारली, टाकला. तो पोह्याच्या बशीला लागून परतला आणि थांबला.

चार.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. प्रमोद आमच्या तोंडाकडे बघत होता. “वाईट हाये काय? मी परत टाकू काय?” मी डोळे मिटले. खरं सांगते ताई, मी मनात बाण काढला होता.

“थांबा,” मैत्रेयी म्हणाली. “आत्याचं मनोबल किती आहे?”

कागद माझ्याच समोर होता. पडून राहिलेला माल. मी मोठ्याने वाचला. आठ.

चार आणि आठ बारा.

“बाराला बरोबरी,” मैत्रेयी म्हणाली. “बरोबरी उभं राहणाऱ्याची. दगडाबाई राणीच्या डोळ्यांत बघते. आणि वळत नाही.”

नंतर जे झालं ते आवरायला मला वेळ लागला. पौर्णिमा खुर्चीवर चढली होती. डॉक्टरांनी मंत्र पुरा केला, माझा बाण लागला, आणि ढालीच्या आडून चढाईला निघालेल्या पौर्णिमाने राणीचा मुकुटच उचलून आणला. तिचा फासा विसावर थांबला, पण त्या विसाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे त्या चाराकडे बघत होते. प्रमोद “ताई! ताई!” असा ओरडत होता, जसा तुमच्या सामन्यांना मैदानाबाहेरून लहानपणी ओरडायचा म्हणून तुम्ही सांगायचात. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी बेल वाजवून विचारलं, “कोण जिंकलं? आज तं मॅच नव्हती.”

“माही बहीण जिंकली,” प्रमोदने दारात सांगितलं. डोळे पुसले आणि त्यांना पोहे खायला आत बोलावलं. त्यांनी दोनदा तर्री घेतली.

मला आभार मानायचे कसे ते कळत नाही. यादी करायला बसले आणि सोडून दिली. माझ्या विसाच्या हिशेबाला तुम्ही कधी वेडेपणा म्हटलं नाही. प्रत्येक वेळी फक्त चाराचं विचारलंत. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याशी दुसऱ्या कशावर भांडलाच नाहीत. नणंद-भावजयीच्या वाट्याला यायची ती सगळी भांडणं आपण दगडाबाईच्या कागदावर उरकली. घरात त्यामुळे शांतता होती, हे प्रमोदला आता कळलंय. पुढच्या रविवारी आपण बसणार का असं त्याने दोनदा विचारलं. मी त्याला कोरा कागद दिला. पहिलाच प्रश्न, “मोठी कुऱ्हाड कितीले पडते?” बघा, तुमचाच भाऊ.

चारचा तो फासा मी उचलला नाही. प्रमोदनेच पुसून हिंगाच्या डबीत ठेवला.

सगळे गेल्यावर टेबल पुसलं, कागद फाईलमध्ये लावले, हजेरीखाली निकाल लिहिला. एक काम राहिलं. लढाई जिंकली की प्रत्येक पात्राला वाढीचा एक गुण मिळतो. मी माझा नेमात घातला. डॉक्टरांनी त्यांचा मंत्रात घातला, पौर्णिमाने चपळाईत. दगडाबाईलाही एक मिळाला आहे, तिनेच तर कमावला. दुसऱ्याच्या कागदावर लिहायचं नाही, हा कायदाही तुमचाच. ताकदीत घाला असं मी म्हणेन, आणि तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. तो गुण कुठे घालायचा ते अजून ठरायचं आहे.